पातं चमकतं, पण कापत नाही: पॉलिशची वडी नेमकी कशाची, हे कसं ओळखायचं

तक्रार दर वेळी जवळपास त्याच शब्दांत येते. दगडावर धार चांगली आली होती, मग पॉलिशची वडी (मेणात बांधलेले घासणारे कण) चोळलेल्या चामड्याच्या पट्टीवर पातं फिरवलं आणि सगळं बिघडलं. "वडी कशाची आहे?" असं विचारलं की उत्तर येतं, "हिरवी." नाहीतर "पांढरी." वेष्टन केव्हाच फाटून गेलेलं असतं. हे प्रकरण इतक्यांदा निस्तरलंय की तपासणीचा क्रम आता हाताला बसलाय. तोच इथे देतो. सुरुवात लक्षणांपासून, कारण निम्मं निदान तिथेच होतं.

लक्षणं

पट्टीवर वीस-तीस हात मारले तरी चामडं काळं पडत नाही. म्हणजे पोलाद निघतच नाही. एकतर वडीतले कण पोलादापेक्षा पुरेसे कठीण नाहीत, नाहीतर ते मेणात गाडले गेलेत.

पातं आरशासारखं चमकतं, पण कागदावर घसरतं. ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि हिच्यातच वडीचा दोष सर्वांत कमी वेळा निघतो.

कागद लोण्यासारखा कापला जातो, पण दोरावर पातं सरकून जातं. इथे बिघाड काहीच नाही. धार गरजेपेक्षा जास्त गुळगुळीत झालीय. तंतुमय वस्तू कापायला धारेला किंचित खरखर लागते.

चमकत्या पृष्ठावर मध्येच दोन-चार ठळक ओरखडे उमटतात. जाड कण कुठून तरी शिरलाय.

वडी पट्टीवर पसरतच नाही, नुसता चुरा पडतो किंवा गोळे होतात. हा दोष कणांचा नाही, त्यांना धरून ठेवणाऱ्या मेणाचा आहे.

बफिंगच्या, म्हणजे यंत्रावर फिरणाऱ्या कापडी चाकावर पॉलिश केल्यावर धारेशी पिवळट किंवा निळी झाक दिसते. तसं असेल तर बाकीचं वाचत बसू नका, थेट शेवटच्या भागाकडे जा.

आधी वडीला निर्दोष धरा

पहिल्या दोन तपासण्यांना खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. त्या टाळून थेट वडीवर संशय घेणारे बहुतेक जण नवी वडी आणतात आणि त्याच जागी परत येतात.

एक: दगडावरचं काम खरंच पूर्ण झालं होतं का? पात्याची धार डोळ्यांसमोर धरून वरून दिवा पाडा. खऱ्या धारेवरून प्रकाश परतत नाही, ती काळी दिसते. कुठे चमकणारा ठिपका किंवा रेघ दिसली तर तिथे धार सपाट आहे किंवा बर शिल्लक आहे. बर म्हणजे काठावर दुमडून आलेली धातूची केसासारखी किनार. बर असलेलं पातं दगडावरून उतरल्या उतरल्या भलतंच धारदार वाटतं, कारण ती किनारच कापत असते. पट्टीवर ती मोडते आणि पातं "अचानक बोथट" होतं. वडीने फक्त खोटं उघडं पाडलेलं असतं. अंगठ्याने किंवा हातावरच्या केसांवर धार पाहायची सवय असेल तर सोडून द्या. प्रकाश आणि कागद पुरेसे आहेत.

दोन: कोन. धारेच्या दोन्ही उतारांवर परमनंट मार्कर फिरवा, पट्टीवर पाच हात मारा आणि शाई कुठून गेली ते पाहा. फक्त वरच्या खांद्यावरून गेली असेल तर पातं फार आडवं धरलंय, धारेपर्यंत काही पोचतच नाही. अगदी काठावरून गेली आणि उतारावर तशीच राहिली, तर पातं फार उभं धरलंय, आणि प्रत्येक हात धार गोल करतोय. मऊ, जाड चामड्यावर जोर दिला तरी हेच होतं. चामडं दबतं आणि धारेभोवती वर उचलून येतं. चमकतं पण कापत नाही, या तक्रारीचं मूळ दहांतल्या सात-आठ वेळा मला इथेच सापडलंय. उपाय साधा: जोर पात्याच्या वजनाइतकाच, पट्टी पातळ आणि लाकडावर घट्ट चिकटवलेली, आणि हाताच्या शेवटी मनगट न वळवता पातं सरळ उचलायचं.

या दोन्हीतून पातं निभावलं आणि तरी तक्रार उरली, तरच वडीकडे वळा.

रंग काय सांगतो? फारसं काही नाही

वडीचा रंग ही बनवणाऱ्याची मर्जी आहे. कुठलंही बंधनकारक प्रमाण नाही. काही रंग खनिजामुळे येतात, काही नुसते वरून घातलेले असतात. तरी पहिला अंदाज म्हणून हे लक्षात ठेवा.

हिरवी वडी बहुधा क्रोमियम ऑक्साइडची. हेच हिरव्या रंगात घालायचं रंगद्रव्य आहे, म्हणून बोटाला लागलं की सहज धुतलं जात नाही. शुद्ध पूड साधारण अर्ध्या मायक्रॉनची मिळते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पण स्वस्त हिरव्या वड्यांमध्ये पुष्कळदा ॲल्युमिनियम ऑक्साइड मिसळलेलं असतं, आणि त्याचे कण कितीतरी जाड असू शकतात. "हिरवी म्हणजे सर्वांत बारीक" हे वाक्य इथेच कोसळतं. शिवाय हिरवी वडी हिरव्या सिलिकॉन कार्बाइडचीही असू शकते. त्याची पूड उजेडात चमचम करते, क्रोमियम ऑक्साइडची मात्र निर्जीव, मातकट दिसते.

पांढरी वडी बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडची, म्हणजे कृत्रिम कुरुंदाची. पण चुन्यावर आधारलेली पांढरी वडीही असते. ती निकेलसारख्या धातूला शेवटची चकाकी देण्यासाठी असते. पोलादाच्या धारेवर तिचा उपयोग जवळजवळ नाही.

काळी वडी एमरीची किंवा सिलिकॉन कार्बाइडची. एमरी म्हणजे कुरुंद आणि लोहखनिज यांचं नैसर्गिक मिश्रण. ग्रीसमधल्या नॅक्सॉस बेटावरून ती प्राचीन काळापासून निघते. सिलिकॉन कार्बाइड माणसाने बनवलेलं. १८९१ साली एडवर्ड ॲचिसन कृत्रिम हिरे बनवायच्या खटपटीत होता, त्याला हे मिळालं.

तपकिरी म्हणजे बहुतेकदा ट्रिपोली, मुळात सिलिका. पितळ आणि ॲल्युमिनियमसाठी उत्तम. पोलादावर का नाही, ते पुढे येतंच. लाल म्हणजे लोह ऑक्साइड, सोनारकामातलं रूज. मात्र "रूज" हा शब्द आता इतका सैल झालाय की हिरवा रूज, पांढरा रूज, काळा रूज अशी नावंही वड्यांवर असतात. त्या नावावरून आत काय आहे ते कळत नाही.

निळी, गुलाबी, पिवळी? तो नुसता रंग आहे. सिरिंजमध्ये येणाऱ्या हिऱ्याच्या पेस्टलाही हेच लागू. तिथे रंग विसरा, मायक्रॉनचा आकडा वाचा.

वेष्टन असेल तर आकडा वाचा, पण कुठल्या मापाचा ते पाहून

वेष्टनावर मायक्रॉन दिलेले असतील तर नशीब चांगलं. नुसता "१०००" किंवा "३०००" असा नंबर असेल तर सावध व्हा. जपानी मापात १००० नंबर म्हणजे साधारण ११.५ मायक्रॉन. युरोपी पॉलिश पेपरवरचा पी-१००० म्हणजे सुमारे १८ मायक्रॉन. आणि युरोपीच, पण सुट्या पुडीसाठी वापरला जाणारा एफ-१००० म्हणजे जेमतेम ४.५ मायक्रॉन. आकडा एकच, कण चौपट लहान-मोठा. ज्यांच्या पात्यावर पुढच्या पायरीला जास्तच ओरखडे आले, अशा काहींनी १००० च्या दगडावरून "३०००" च्या वडीवर उडी मारली होती, आणि ते ३००० कुणाच्या मापातलं हे कुणी पाहिलं नव्हतं. जपानी ३००० म्हणजे सुमारे ४ मायक्रॉन, ८००० म्हणजे सुमारे १.२. पट्टीवर वापरायची वडी शेवटच्या दगडापेक्षा बारीक हवी, एवढाच नियम.

आता कठीणपणा. फ्रीडरिश मोसने १८१२ मध्ये मांडलेली १ ते १० ची श्रेणी सगळ्यांना शाळेपासून माहीत असते, पण तिच्या पायऱ्या समान अंतरावर नाहीत, त्यामुळे इथे ती फसवते. सूक्ष्म टोचा दाबून मोजलेले कठीणपणाचे आकडे जास्त बोलके आहेत. पाणी दिलेलं, म्हणजे तापवून विझवून कठीण केलेलं, चांगलं पोलाद साधारण ७०० ते ८०० च्या आसपास. क्वार्ट्झ, म्हणजे ट्रिपोलीतला मुख्य भाग, ८२० च्या जवळ. कुरुंद सुमारे २१००, सिलिकॉन कार्बाइड सुमारे २५००, हिरा ७००० च्या पुढे. ट्रिपोली पोलादावर का चालत नाही ते आता दिसेल. घासणारा आणि घासला जाणारा जवळपास बरोबरीचे आहेत, कण पात्याआधी स्वतःच झिजतो. लाल रूज तर त्याहून मऊ. तेव्हा वडी तपकिरी किंवा लाल असेल आणि पट्टी काळी पडत नसेल, तर शोध इथेच संपला. वडी बदला.

वडी दोषी नाही, तिचं मेण दोषी आहे

हे प्रकरण फारसं कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबतो. बाजारातल्या बहुतेक वड्या बफिंगच्या चाकासाठी बनवलेल्या असतात. चाक फिरताना घर्षणाने वडी तापते, तिच्यातलं मेण आणि स्टिअरिक आम्ल वितळतं आणि कणांचा पातळ थर कापडावर बसतो. तीच वडी तुम्ही थंड चामड्यावर हाताने घासली तर काहीच वितळत नाही. मेणाचे खडे चामड्यावर चिकटतात आणि पातं त्या खड्यांवरून घसरत जातं. कण आतच राहतात. मग वडी "फुसकी" ठरते.

तपासायला बोटं पुरतात. वडी नखाने खरवडा. साबणासारखी मऊ कात निघाली तर ती हाताच्या पट्टीला ठीक आहे. खडूसारखा चुरा पडला तर ती चाकाची, नाहीतर जुनी होऊन वाळलेली. सुरीने तिचा बारीक कीस काढा, त्यात हलक्या खनिज तेलाचे दोन-तीन थेंब मिसळा आणि बोटाने पट्टीवर चोळून घ्या. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा दिली तरी चालतं. खाद्यतेल नको, ते काही दिवसांत चिकट होतं. थर इतका पातळ हवा की चामड्याचा पोत खालून दिसला पाहिजे. जाड थरात धार रुतते आणि पुन्हा गोल होते.

जुनी पट्टी काचेसारखी गुळगुळीत झाली असेल तर आधी तिच्यावरचं कीट सुरीच्या पाठीने खरवडून काढा, मग २२० च्या पॉलिश पेपरने हलकेच घासा. मेणात कोंबलेला पोलादाचा चुरा नव्या कणांना चामड्यात बसूच देत नाही.

कोऱ्या पट्टीवरची कसोटी

इथून पुढे वडी जुन्या पट्टीवर तपासू नका. हे माझ्या फजितीतून शिकलोय. एकदा वापरलेल्या पट्टीवरचं काळं कीट खरवडून त्याला चुंबक लावलं, कीट टुणकन चिकटलं, आणि मी छातीठोकपणे सांगितलं की वडी एमरीची आहे. ते चिकटलं होतं पात्याचं पोलाद. वडी पांढऱ्या कुरुंदाची निघाली.

सपाट लाकडाचा गुळगुळीत तुकडा किंवा चामड्याची कोरी कात्रण घ्या. वडीचा पातळ थर द्या. पाण्यावर चढवलेल्या, म्हणजे खऱ्या कठीण पोलादाच्या, एखाद्या टाकाऊ तुकड्याने दहा हात मारा. जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी यासाठी उत्तम. तिचं पोलाद ठरावीक जातीचं आणि कठीण असतं, त्यामुळे आज तपासलेली वडी सहा महिन्यांनी तपासलेल्या दुसऱ्या वडीशी ताडून पाहता येते. दहा हातांत करडी-काळी रेघ उमटली तर वडी पोलाद कापते. काहीच उमटलं नाही तर कापत नाही. वडी मुळातच काळी असेल तर ही कसोटी निकामी. तेव्हा चोळलेली जागा पांढऱ्या कापडावर पुसून आधीचा आणि नंतरचा डाग शेजारी शेजारी पाहा, नाहीतर पुढच्या कसोटीवर जा. बेअरिंगऐवजी ॲल्युमिनियमचा तुकडा घेऊ नका. त्याला काहीही घासलं तरी काळं निघतं.

याच कडीवर कणांची जाडीही पाहता येते. कडीची सपाट बाजू एका बारीक पेपरवर एकाच दिशेने घासा, म्हणजे सगळ्या रेघा समांतर होतील. मग अनोळखी वडी त्या रेघांना काटकोनात चोळा. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, दिवा अगदी तिरका पाडा. आडव्या नव्या रेघा जुन्यांपेक्षा जाड दिसतात की बारीक? पेपरचं माप तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे वडी त्याच्या अलीकडे की पलीकडे हे ठरतं. वेगवेगळ्या ओळखीच्या पेपरांवर हाच खेळ दोन-तीनदा केला की वडी दोन मापांच्या मध्ये अडकवता येते. सूक्ष्मदर्शकाची हौस असेल तर जरूर भागवा, पण निदानाला भिंग पुरतं.

चुंबक आणि व्हिनेगर

दोन्ही झटपट. कोऱ्या वडीचा कीस कागदावर घ्या आणि कागदाखालून जोरदार चुंबक फिरवा. काळा कीस चुंबकामागे सरकला तर त्यात एमरीतलं लोहखनिज असण्याची शक्यता दाट. ढिम्म राहिला तर बहुधा सिलिकॉन कार्बाइड. पट्टीवरचं कीट इथे चालणार नाही हे वर सांगितलंच.

पांढऱ्या पुडीवर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर आत खडू किंवा हवेत मुरलेला चुना आहे, तो पोलादाला लागू पडणार नाही. कुरुंदाला व्हिनेगरने काहीच होत नाही. पात्यावर मात्र व्हिनेगर सांडू देऊ नका, साधं कार्बन पोलाद लगेच काळवंडतं.

काचेवर ओरखडा काढून पाहायचा सल्लाही ठिकठिकाणी दिला जातो. त्यातून खडू वेगळा पडतो, बाकी फारसं नाही, कारण क्वार्ट्झपासून हिऱ्यापर्यंत सगळेच काच ओरखडतात.

बरणीतली कसोटी

माझी सर्वांत आवडती, पण वेळखाऊ. वडीत दोन जाडीचे कण मिसळले आहेत का, हे घरच्या घरी दुसऱ्या कुठल्याच मार्गाने इतकं स्वच्छ कळत नाही.

आधी मेण घालवायचं. नखभर कीस एका छोट्या बरणीत घ्या, त्यावर रॉकेल ओता, झाकण लावून हलवा आणि रात्रभर ठेवा. वरचं रॉकेल अलगद काढून टाका, नवं घाला. दोन-तीन वेळा करावं लागतं. हे काम उघड्यावर किंवा खिडकी उघडून करायचं, जवळपास ज्योत नको, आणि लवकर व्हावं म्हणून बरणी शेगडीवर ठेवायची नाही. भिजलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका, बाहेर पसरून वाळवा.

उरलेली पूड वाळली की स्वच्छ पाण्यात घाला, भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब टाका आणि जोरात हलवा. साबण नसेल तर कण एकमेकांना चिकटून गठ्ठ्याने खाली बसतात आणि निकाल खोटा येतो. पाण्याची उंची पाच सेंटिमीटर ठेवा आणि घड्याळ लावा.

जॉर्ज स्टोक्सने १८५१ मध्ये मांडलेला नियम इथे कामाला येतो. बारीक कण द्रवात बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. कण दहापट बारीक झाला की वेग शंभरपट घटतो. कुरुंदाचा १० मायक्रॉनचा कण ते पाच सेंटिमीटर साधारण ५ मिनिटांत उतरतो. ३ मायक्रॉनच्या कणाला जवळपास तास लागतो. १ मायक्रॉनच्या कणाला आठ-नऊ तास. क्रोमियम ऑक्साइड जड आहे, तरी त्याचा अर्ध्या मायक्रॉनचा कण सुमारे दिवसभर तरंगत राहतो.

म्हणजे हिरवी वडी खरोखर बारीक असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी हिरवट गढूळ दिसायला हवं. पाच-दहा मिनिटांत तळाशी फिकट थर बसला आणि वर हिरवं पाणी तसंच राहिलं, तर चोर सापडला: जाड कुरुंदात हिरवं रंगद्रव्य घातलेली वडी. तळाचा तो थर ड्रॉपरने उचला आणि बेअरिंगच्या कडीवर चोळून भिंगाखाली पाहा. पात्यावर अधूनमधून उमटणारे ठळक ओरखडे बहुधा तिथे जसेच्या तसे दिसतील.

अशी वडी फेकायची गरज नाही. ती दगडानंतरची मधली पायरी म्हणून छान चालते. फक्त तिला शेवटची पायरी समजू नका.

ओरखडे तरी येतातच

वडी शुद्ध निघाली आणि तरी ओरखडे येत असतील, तर कण आधीच्या पायरीवरून येतोय. पातं, मूठ, बोटं, फडकं, यांपैकी कशालातरी जाड कण लागून येतो. प्रत्येक वडीची पट्टी वेगळी, फडकं वेगळं, आणि पायरी बदलताना पातं आणि हात साबणाने धुवायचे. पट्टीच्या पाठीवर वडीचं नाव आणि मायक्रॉन लिहून ठेवा. चामड्यात एकदा हिरा बसला की तो निघत नाही. ती पट्टी कायमची हिऱ्याचीच.

वडी बरोबर, पण पोलाद वेगळं

सगळ्या कसोट्या उत्तीर्ण झालेली वडी एका पात्यावर झकास चालते आणि दुसऱ्यावर काहीच करत नाही, असंही होतं. अशा वेळी पात्यावर पोलादाची जात लिहिलेली आहे का पाहा. एस-३०-व्ही आणि एम-३९० मध्ये सुमारे ४ टक्के व्हॅनेडियम असतं, एस-९०-व्ही मध्ये सुमारे ९. व्हॅनेडियम आणि कार्बन मिळून पोलादात झालेले कार्बाइड कण २८०० च्या आसपास कठीण, म्हणजे कुरुंद आणि सिलिकॉन कार्बाइड या दोघांपेक्षा वरचढ. बारीक कुरुंद किंवा क्रोमियम ऑक्साइड भोवतालचं मऊ पोलाद झिजवतं आणि ते कार्बाइड कण तसेच उभे राहतात. पट्टी काळी पडते, वाटतं काम चाललंय, पण धार सुधारत नाही. इथे हिरा किंवा घन (क्यूबिक) बोरॉन नायट्राइड हे कृत्रिम, अतिकठीण द्रव्य हवं. १ मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट लाकडाच्या सपाट पट्टीवर वाटाण्याच्या पाव भागाएवढी पुरते. उलट साध्या कार्बन पोलादाला हिऱ्याची गरज नसते. तिथे चांगली हिरवी वडी मला जास्त आवडते, तिच्यावर हात अंदाजात राहतो.

कुठे थांबायचं

धारेवर निळी झाक दिसली तर थांबा. पोलाद तापून साधारण २२० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की गवती पिवळा रंग येतो, ३०० च्या आसपास निळा. तो रंग वडीने सहज पुसला जातो, पण उतरलेलं पाणी परत चढत नाही. तेवढा भाग घासून काढायचा की पातं पुन्हा पाण्यावर चढवायचं, हे कारागिराने ठरवायचं.

बफिंगचं चाक कधी वापरलं नसेल तर हा लेख वाचून सुरू करू नका. फिरतं कापड पात्याचं टोक किंवा धार पकडतं आणि पातं हातातून हिसकावून भिरकावतं. हे काम ज्याला येतं त्याच्या शेजारी उभं राहून शिकायचं.

वेष्टन नसलेली सुटी कोरडी पूड सापडली तर ती उडवू नका, आणि ट्रिपोली असल्याची शंका असेल तर कोरडी घासूच नका. श्वासातून आत गेलेली स्फटिकी सिलिका फुफ्फुसांचं कायमचं नुकसान करते. घासायचीच असेल तर ओली करून, साध्या कापडाऐवजी धुळीसाठीचा मास्क लावून.

दातेरी पाती, केस कापायच्या कात्र्या, शस्त्रक्रियेची हत्यारं यांच्यावर वडीचे प्रयोग नकोत. कात्रीची आतली बाजू पट्टीवर घासली की दोन पाती एकमेकांना टेकायची रेषाच बिघडते, मग ती कितीही धारदार असली तरी केस दुमडते. जुनी तलवार किंवा वारशाने आलेलं पातं असेल, अंगावर नक्षी किंवा पाणी दिल्याची लाट दिसत असेल, तर एक हातही मारू नका. घासून गेलेला पृष्ठभाग परत आणता येत नाही.

धारेत नखाला जाणवेल एवढा खाच असेल, टोक वाकलं असेल किंवा पातं प्रकाशात धरल्यावर मुळापासून चीर दिसत असेल, तर वडीचा प्रश्न उरलेलाच नाही. धारवाल्याकडे जाताना पात्यासोबत वडीचा तुकडा, पट्टी आणि शेवटचा दगडही न्या. आधी काय काय लावलं ते विचारल्यावर "हिरवी" एवढंच सांगावं लागणार नाही.